चांगलं वागायला डिग्री कशाला लागते?



गेल्या महिन्यात ओपीडीत एक निवृत्त गुरुजी आले होते. वीस वर्षांपासूनचे माझे पेशंट. शुगर, बीपी, गुडघे, सगळ्याची फाईल माझ्याकडेच. मी औषधं लिहीत असताना त्यांची नजर टेबलावरच्या जाडजूड पुस्तकावर गेली.

"डॉक्टर, तुमच्या परीक्षा अजून संपल्या नाहीत का?"

मी सांगितलं, पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी झालोय. बायोएथिक्स या विषयात पदव्युत्तर पदवीसाठी नाव घातलंय. मराठीत त्याला जैवनीतिशास्त्र म्हणतात. उपचारांत आणि संशोधनात योग्य काय, अयोग्य काय, हे ठरवायचं कसं, याचा तो अभ्यास.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे चांगलं कसं वागायचं ते. त्याला डिग्री कशाला लागते हो? ते तर घरी आईवडील शिकवतात."

बाहेर बरेच नंबर बाकी होते. मी हसून विषय बदलला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आजचा लेख नेहमीसारखा एखाद्या आजारावर नाही, तर या विषयाच्या इतिहासावर आहे.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांच्या अभ्यासाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्स जो कागद सहीसाठी पुढे करते, तो याच इतिहासातून आलाय. आयसीयूच्या दारात "व्हेंटिलेटर लावायचा का?" असं तुम्हाला विचारलं जातं, तेही त्यातूनच. त्या कागदामागे काय काय घडलं, हे माहीत असेल तर सही करताना तुमचा हात थोडा थांबेल. तो थांबायलाच हवा.

शपथ तर होतीच

डॉक्टरांना नीतिनियम नव्हते असं कधीच नव्हतं. ग्रीकांकडे हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखली जाणारी शपथ होती. आपल्याकडे चरकसंहितेत, विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, वैद्यकी शिकणाऱ्या शिष्याला गुरू काय बजावतो ते सविस्तर दिलं आहे. रुग्णाच्या घरी कसं वागावं, तिथे कळलेलं बाहेर बोलू नये, स्वतःच्या जिवावर बेतलं तरी रुग्णाचं वाईट चिंतू नये. आजही वाचताना मान लवते.

पण या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. दोन्ही ठिकाणी वैद्याने काय करावं आणि काय करू नये, एवढंच सांगितलं आहे. रुग्णाचं भलं कशात आहे हे वैद्याला कळतं, असं त्यात गृहीत धरलं आहे. रुग्णाला समजावून सांगावं आणि त्याचं मत विचारावं, अशी अट या शपथांमध्ये नाही. फार मोठा काळ त्याची गरज कुणाला वाटलीही नाही. औषधं थोडी होती, वैद्य गावातलाच होता, आणि त्याच्या हातून होऊ शकणारं नुकसानही मर्यादित होतं.

एकोणिसाव्या शतकात मोठी रुग्णालयं उभी राहिली, प्रयोगशाळा आल्या, जंतू सापडले. एकाच डॉक्टरच्या हाताखाली शेकडो अनोळखी, बहुतेक गरीब रुग्ण आले. गोष्ट तिथून बदलली.

जर्मनीत नियमही होते

आल्बर्ट नायसर हा जर्मन प्राध्यापक फार मोठा शास्त्रज्ञ. गनोरियाचा जंतू त्यानेच शोधला. १८९० च्या दशकात सिफिलिसवर प्रतिबंधक उपाय शोधताना त्याने सिफिलिसच्या रुग्णांच्या रक्तातला द्रव दुसऱ्याच आजारांसाठी दाखल झालेल्या बायकांना टोचला. त्यांत बहुतेक वेश्या होत्या. त्यांना काही सांगितलं नाही, विचारलं तर नाहीच. पुढे त्यांच्यातल्या काहींना सिफिलिस झाला. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं, नायसरला दंड झाला आणि १९०० साली प्रशियाच्या सरकारने आदेश काढला: नीट समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय असे प्रयोग करायचे नाहीत.

१९३१ मध्ये जर्मनीत याहून तपशीलवार सूचना निघाल्या. त्या काळात जगात इतके स्पष्ट नियम क्वचितच कुठे असतील. आणि दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच देशात हिटलर सत्तेवर आला.

छळछावण्यांत काय झालं ते थोडक्यात सांगतो. दाखाऊमध्ये कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलं गेलं, माणूस गारठून मरायला किती वेळ लागतो ते पाहण्यासाठी. राव्हेन्सब्र्यूकमध्ये पोलिश स्त्रियांच्या पायांना मुद्दाम जखमा करून त्यांत जंतू घातले गेले, औषध चालतं का ते पाहण्यासाठी. हे करणारे गुंड नव्हते. शिकलेले, पदव्या घेतलेले डॉक्टर होते. डिसेंबर १९४६ मध्ये न्यूरेंबर्ग इथे खटला सुरू झाला. २३ आरोपींपैकी २० डॉक्टर होते. ऑगस्ट १९४७ मध्ये १६ जण दोषी ठरले आणि त्यांतल्या सात जणांना फाशी झाली. त्याच निकालपत्रात दहा कलमं आली. त्यांना आज न्यूरेंबर्ग संहिता म्हणतात. पहिलंच कलम सांगतं की ज्या माणसावर प्रयोग करायचा, त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे.

अभ्यासक्रमात एक गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो. नाझी काळात, १९३९ पासून, जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्यांना व्यावसायिक नीतिशास्त्राची व्याख्यानं सक्तीची होती. म्हणजे तिथे नीती शिकवली जात नव्हती असं नाही. शिकवली जात होती, पण ती अशी: डॉक्टरचं पहिलं कर्तव्य समोरच्या रुग्णाशी नाही, तर राष्ट्राच्या आणि वंशाच्या आरोग्याशी आहे. दुबळे, वेडे, परके हे त्या आरोग्यावरचं ओझं आहेत.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. नीतीचा तास ठेवला की डॉक्टर आपोआप चांगले होतात, असा माझा दावा नाही.

चाळीस वर्षं चाललेली 'मोफत तपासणी'

न्यूरेंबर्गचा निकाल अमेरिकन न्यायाधीशांनी दिला होता. पण अमेरिकेतल्या बहुतेक डॉक्टरांना वाटलं, हे नियम राक्षसांसाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत.

त्याच वेळी अलाबामा राज्यात, टस्कीगी गावाच्या परिसरात, अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याचा एक अभ्यास चालू होता. १९३२ साली सुरू झालेला. ६०० कृष्णवर्णीय पुरुष, बहुतेक दुसऱ्याच्या शेतात राबणारे. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. उपचार न केलेला सिफिलिस माणसाचं काय करतो, हे शेवटपर्यंत पाहायचं होतं. रुग्णांना सांगितलं गेलं की तुमचं 'रक्त खराब' आहे. मोफत तपासणी, तपासणीच्या दिवशी जेवण आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च, एवढं मिळायचं. मोबदल्यात शवविच्छेदनाला परवानगी. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं होतं तेव्हा त्याला 'खास मोफत उपचार' म्हटलं गेलं.

१९४७ च्या सुमारास पेनिसिलिन सहज मिळू लागलं. सिफिलिस बरा होऊ लागला. या माणसांना मात्र ते दिलं नाही. काहींच्या बायकांना लागण झाली, काहींची मुलं हा आजार घेऊन जन्माला आली.

तुम्हाला वाटेल, हे गुपचूप चाललं असेल. नाही. १९३६ पासून यावर वैद्यकीय मासिकांत निबंध छापून येत होते. जगभरचे डॉक्टर ते वाचत होते. सॅन फ्रान्सिस्कोत याच आरोग्य खात्यात काम करणारा पीटर बक्स्टन हा तरुण मात्र अस्वस्थ झाला. तो डॉक्टर नव्हता. गुप्तरोगाच्या रुग्णांच्या मुलाखती घेणं हे त्याचं काम. त्याच्या आईवडिलांनी नाझींच्या भीतीने युरोप सोडला होता. १९६६ मध्ये त्याने वरिष्ठांना लेखी विचारलं, हे न्यूरेंबर्गसारखंच नाही का? १९६९ मध्ये खात्याने तज्ज्ञांची बैठक बोलावली. डॉक्टर मंडळींनी विचार केला आणि ठरवलं: अभ्यास चालू ठेवावा.

शेवटी बक्स्टनने कागदपत्रं एका पत्रकाराच्या हाती दिली. जुलै १९७२ मध्ये बातमी देशभर पहिल्या पानावर आली आणि चाळीस वर्षं चाललेला अभ्यास काही महिन्यांत बंद झाला. देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ साली. तोवर माफी ऐकायला फारच थोडे जण उरले होते.

मला यात सर्वांत जास्त खुपतं ते १९६९ चं. त्या बैठकीत बसलेली माणसं दुष्ट नव्हती. मेहनती, हुशार होती. त्यांनाही आईवडिलांनी चांगलं वागायला शिकवलं असणार. पण खोलीत सगळे एकाच पेशातले, एकाच पद्धतीने विचार करणारे होते. त्या ६०० जणांतला एकही तिथे नव्हता.

यंत्र आलं, पण कोणासाठी?

त्याच काळात एक वेगळाच पेच उभा राहिला. यात कुणाचा गुन्हा नव्हता.

१९६० मध्ये सिएटल शहरात डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांना कायमची जोडून ठेवता येईल अशी एक नळी वापरली. तोपर्यंत डायलिसिस काही दिवसांपुरतंच शक्य होतं. या नळीमुळे किडनी पूर्ण निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकणार होता. पण यंत्रं मोजकी आणि रुग्ण कितीतरी. यंत्र कुणाला द्यायचं?

वैद्यकीयदृष्ट्या कोण योग्य, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतरची निवड सात जणांच्या समितीकडे सोपवली. त्यात एक वकील, एक पाद्री, एक बँकवाला, एक गृहिणी, एक कामगार पुढारी असे लोक होते. त्यांची नावं गुप्त ठेवली होती. १९६२ मध्ये 'लाइफ' मासिकात शाना अलेक्झांडर या पत्रकाराने त्यांच्याबद्दल लिहिलं आणि लोक हादरले. कारण निवड करताना समिती काय पाहत होती? लग्न झालंय का, मुलं किती, नोकरी काय, शिक्षण किती, चर्चला जातो का. थोडक्यात, आपल्यासारखा दिसणारा माणूस त्यांना जगवण्यालायक वाटत होता.

१९७२ मध्ये अमेरिकन सरकारने डायलिसिसचा खर्च उचलायचं ठरवलं आणि तो पेच तिथे सुटला. पण एक गोष्ट कळून चुकली. यंत्र कसं चालवायचं हे वैद्यकशास्त्र सांगतं. ते कुणासाठी चालवायचं आणि कधी थांबवायचं, हे वैद्यकशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत एका ऑक्सिजन बेडसाठी तुम्ही रात्रभर फोन फिरवले असतील, तर हा प्रश्न तुम्हाला वेगळा समजवावा लागणार नाही.

विषयाला नाव मिळालं

आता तारखा भराभर येतात. १९६६ मध्ये हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी एका नामांकित वैद्यकीय मासिकात २२ उदाहरणं छापली. सगळी चांगल्या संस्थांतली, सगळ्यांत रुग्णाला न विचारता धोक्यात घातलेलं. १९६९ मध्ये तत्त्वज्ञ डॅनियल कॅलहान आणि मनोविकारतज्ज्ञ विलार्ड गेलिन यांनी न्यूयॉर्कजवळ हेस्टिंग्ज सेंटर ही अभ्याससंस्था काढली. १९७० च्या सुमारास कॅन्सरवर संशोधन करणारे व्हॅन रेन्सेलर पॉटर यांनी 'बायोएथिक्स' हा शब्द रूढ केला. १९७१ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात केनेडी इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि हा विषय विद्यापीठात आला.

टस्कीगीच्या धक्क्यानंतर १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधनासंबंधी कायदा झाला आणि राष्ट्रीय आयोग नेमला गेला. आयोगाचे सदस्य अकरा, पण त्यांत माणसांवर संशोधन करणारे पाचपेक्षा जास्त नसावेत, असं कायद्यातच लिहिलं. बहुमत बाहेरच्यांचं. १९६९ ची चूक पुन्हा होऊ नये म्हणून. या आयोगाचा बेलमाँट अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी टॉम बोशाम्प आणि जेम्स चिल्ड्रेस यांचं पाठ्यपुस्तक आलं. त्यातली चार तत्त्वं आज जगभर शिकवली जातात:

- रुग्णाला स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ द्या.
- त्याला इजा करू नका.
- त्याचं भलं करा.
- सगळ्यांना न्यायाने वागवा.

वाचायला अगदी सोपी. अडचण तेव्हा येते जेव्हा यांतली दोन एकमेकांच्या आड येतात. पुढच्या दोन-तीन दशकांत अनेक विद्यापीठांत या विषयाच्या पदव्या सुरू झाल्या, त्या मुख्यतः ही अडचण सोडवायला शिकण्यासाठी.

आपल्याकडे काय झालं?

भारतात आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिने १९८० मध्ये माणसांवरच्या संशोधनासाठी पहिलं धोरणपत्रक काढलं. ते करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉक्टर नव्हते. ते होते न्यायमूर्ती एच. आर. खन्ना, आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयात नागरिकांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने एकट्याने उभे राहिलेले न्यायाधीश.

पण कागद निघाला म्हणजे काम झालं असं नव्हतं. १९९७ मध्ये उघड झालं की सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत दिल्लीत अकराशेहून अधिक स्त्रियांवर एक सरकारी अभ्यास झाला होता. गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींत कॅन्सरपूर्व बदल दिसत असूनही अनेकींवर उपचार न करता फक्त लक्ष ठेवलं गेलं. लेखी संमती घेतली नव्हती. टस्कीगीची आठवण न येणं अशक्य होतं. २००० साली आयसीएमआरने नवी, सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आणली.

मुंबईतल्या डॉक्टरांचा एक गट मात्र कुणी सांगायची वाट पाहत बसला नव्हता. १९९३ मध्ये त्यांनी वैद्यकीय नीतीवर एक छोटं नियतकालिक सुरू केलं. तेच आज इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स म्हणून ओळखलं जातं. आपल्याच पेशातल्या गैरप्रकारांवर उघडपणे लिहायला तेव्हा हिंमत लागत होती. आजही लागते.

२००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात (हा जिल्हा आता तेलंगणात आहे) शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी ही लस. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचं आढळलं नाही. ही लस चांगली आहे, मी स्वतः ती पेशंटच्या मुलींसाठी सुचवतो, त्यामुळे कृपया गैरसमज नको. पण चौकशीत दुसरंच काही सापडलं: कितीतरी संमतीपत्रांवर आईवडिलांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. लस योग्य होती. ज्यांना विचारायला हवं होतं, त्यांना विचारलं नव्हतं. आणि परिणाम असा झाला की एका चांगल्या लसीवरचा लोकांचा विश्वास उडाला.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात हेच सांगितलं. एका स्त्रीने दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढलं गेलं. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर निर्णय घेऊ शकते, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा आईची संमती चालणार नाही.

आणि केईएममधली अरुणा शानभाग तुम्हाला आठवत असेल. १९७३ मध्ये तिच्यावर हल्ला झाला आणि त्यानंतर ती जवळजवळ ४२ वर्षं त्या रुग्णालयातच, शुद्ध हरपलेल्या अवस्थेत होती. पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, की तिला आता शांतपणे जाऊ द्या. तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या नर्स म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळू. २०११ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली, पण अशा रुग्णांचे उपचार थांबवण्याचा मार्ग कडक अटींसह मोकळा केला. २०१५ मध्ये अरुणा गेली. २०१८ मध्ये 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली.

या प्रकरणात वाईट माणूस एकच होता, हल्ला करणारा. न्यायालयातल्या दोन्ही बाजूंना चांगलीच माणसं होती. दोघांचंही तिच्यावर प्रेम होतं. तरी ती अगदी उलट गोष्टी मागत होती.

मग डिग्रीत शिकवतात काय?

आता भारतातही या विषयाचे पदविका आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम मिळतात. २०१९ पासून एमबीबीएसच्या मुलांनाही नीती आणि संवाद यांचं शिक्षण सक्तीचं आहे. माझ्या वर्गात डॉक्टर आहेत, तशाच नर्स आहेत, वकील आहेत, एक समाजशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. आम्ही थोडं तत्त्वज्ञान शिकतो, थोडा कायदा, संशोधनाची पद्धत, इतिहास. पण मुख्य काम म्हणजे एकेक केस घेऊन भांडणं. "आईला कॅन्सर आहे हे सांगू नका" असं मुलगा म्हणतो, तेव्हा काय करायचं? रक्त नको म्हणणाऱ्या रुग्णाला वाचवायचं की त्याचं ऐकायचं?

पहिला स्वाध्याय होता: तुमच्या हातून घडलेली अशी एक केस लिहा, जिथे उपचार बरोबर होता पण काहीतरी चुकलं.

मला आठवायला वेळ लागला नाही. मी रेसिडेंट होतो. साठीतले एक शेतकरी, मधुमेहामुळे पायाला गँगरीन. पाऊल काढलं नसतं तर जीव गेला असता, याबद्दल शंकाच नव्हती. मुलगा शिकलेला होता. तो म्हणाला, "बाबांना सांगू नका, ते घाबरून ऑपरेशनच नको म्हणतील." मी त्याची सही घेतली आणि बाबांना सांगितलं, जखम साफ करायला नेतोय.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर त्यांनी चादर बाजूला केलेली होती. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जायचाच होता तर जायचा होता, डॉक्टर. पण न्यायच्या आधी एकदा बघितला असता."

जखम छान भरली. डिस्चार्ज कार्डवर सगळं बरोबर होतं. घरी जाईपर्यंत ते माझ्याशी नीट बोलत होते. मुलाशी मात्र बोलत नव्हते.

मी तो फॉर्म भरला तेव्हा मला वाटलं होतं, मी त्यांचं भलंच करतोय. वाटलं होतं नव्हे, मी भलंच करत होतो. ते त्यांना विचारूनही करता आलं असतं. कदाचित ते नाही म्हणाले असते. मग मला बसून, वेळ काढून, दोनदा तीनदा समजवावं लागलं असतं. तो वेळ मी वाचवला.

गुरुजींना दिलेलं उत्तर

गुरुजी या महिन्यात परत आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुमचं बरोबर आहे. चांगलं वागायला आईवडीलच शिकवतात. पण टस्कीगीतल्या डॉक्टरांनाही आईवडील होते, आणि मलाही. आपण चांगले आहोत एवढ्या भरवशावर माणूस विचारायचं विसरतो. डिग्री चांगुलपणा देत नाही. कुठे थांबून विचारायचं, कुणाला विचारायचं आणि आपल्याला नको असलेलं उत्तर आलं तर काय करायचं, याचा सराव तेवढा देते.

गुरुजी म्हणाले, "मग हे पेशंटलाही शिकवा की."

तेच करतो. पुढच्या वेळी संमतीपत्र समोर आलं की सही करण्याआधी एवढं विचारा:

- मला नेमकं काय झालंय आणि तुम्ही नेमकं काय करणार आहात?
- याने फायदा किती, धोका कोणता?
- दुसरा काही उपाय आहे का? काहीच केलं नाही तर काय होईल?
- ऑपरेशन करताना आणखी काही सापडलं तर तेव्हाच कराल की मला विचारून?
- हा नेहमीचा उपचार आहे की संशोधनाचा भाग? संशोधन असेल तर मी नाही म्हटल्यावर माझे उपचार थांबणार नाहीत ना?

फॉर्म मराठीत मागा. समजला नाही तर पुन्हा विचारा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वतीने तुम्ही सही करत असाल, तर आधी त्यांच्या खाटेजवळ बसून त्यांना सांगा.

आणखी एक. औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या नैतिकता समितीत कायद्याने किमान सात सदस्य लागतात, आणि त्यांत एक सर्वसामान्य नागरिक असावाच लागतो, डॉक्टर नसलेला. त्याने मुख्यतः हे पाहायचं असतं की रुग्णाला दिलेला कागद साध्या माणसाला कळतो का आणि त्याच्यावर अन्याय तर होत नाही ना. गुरुजींनी चाळीस वर्षं मुलांचे निबंध तपासलेत. मी त्यांचं नाव एका समितीला सुचवलंय. ते म्हणाले, विचार करून सांगतो.